कडू पाण्याचे सहा दिवस

दोंग ताव, ३ मार्च १९९७

तोआनची बायको लुआ हिला,

हे पत्र मी मनानं लिहीत नाही, रीत म्हणून लिहिते आहे.

माझ्या मुलाचा दुसरा वर्षदिन यंदा तिसऱ्या चांद्र महिन्याच्या विसाव्या दिवशी, म्हणजे २६ एप्रिलला येतो. त्या दिवशी घराचा दुखवटा संपेल. मी माझी डोक्याला बांधायची दुखवट्याची पांढरी पट्टी जाळेन. बायकोची पट्टी बायकोनंच जाळायची असते, ती दुसऱ्या कुणाला जाळता येत नाही, हे तुला तुमच्या दक्षिणेत कुणी सांगितलं नसेल तर मी सांगते. यायचं की नाही ते तू ठरव. भाऊबंद विचारतील तेव्हा मला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, एवढंच.

गेल्या वर्षी जे झालं ते मी उकरून काढत नाही. तू ओल्या दिवसांत खुराड्याची दोन्ही दारं सताड उघडलीस आणि बेचाळीस पिल्लांतली चाळीस गेली, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. ते पुन्हा लिहून काय होणार आहे?

उरलेली दोन मोठी झाली, हे मात्र तुला कळायला हवं. कोंबडा आता असा झाला आहे की त्याचे पाय माझ्या मनगटाएवढे जाड आणि लालबुंद आहेत. चालतो तो थेट आपल्या गावच्या पुढाऱ्यासारखा. कोंबडी जरा खुळी आहे. एवढ्या जाड पायांनी उबवायला बसली की अंडी फोडते, म्हणून अंडी मी शेजारच्या तेओबाईच्या साध्या कोंबडीखाली ठेवली. २० फेब्रुवारीला अकरा पिल्लं निघाली. तोआननं जाण्याच्या आदल्या आठवड्यात स्वतःच्या हातानं अंडी निवडून ठेवली होती, त्याच वाणाची ही. जगात तेवढीच उरली आहेत.

वर्षदिनाला देव्हाऱ्यापुढे घरचा उत्तम कोंबडा ठेवायचा असतो. म्हणजे हाच. पण ही पिल्लं जगली तरच मी त्याला सुरी लावीन, नाहीतर वाणच बुडेल.

माझ्या नातीला, तेपला, शाळेत घातलंस का? इथल्यासारखं बोलते की तुमच्यासारखं हेल काढायला लागली?

थोम

---

१९ मार्च

लुआ,

उत्तर आलं नाही. टपालाला आठ-दहा दिवस लागतात हे मला कळतं, तरी पोस्टमन दिसला की माझी मान वळते. त्याला वाटत असेल म्हातारीला पेन्शन सुरू झाली.

पिल्लांना तेच झालं आहे.

चार दिवसांपूर्वी ओल उतरली. तुला आठवत असेल, आधी आकाश खाली येतं, मग फरशी घामेजते, भिंतीवरून थेंब ओघळतात आणि दोरीवरची चादर आठवडाभर वाळत नाही. तू पहिल्या वर्षी मला विचारलं होतंस, "मा, घर रडतंय का?" मी तेव्हा तुझ्यावर ओरडले होते. इथे 'मा' नाही, 'मे' म्हणतात, हे मी तुला सात वर्षं सांगत होते आणि तू सात वर्षं ऐकलं नाहीस.

ओल आली तशी मी दारं लावली, फटींत गोणपाट कोंबलं, चुलीतली राख पसरली. सगळं नीट केलं. उघडं काहीच नव्हतं. तरीही परवा सकाळी एक पिल्लू कोपऱ्यात पिसं फुगवून, डोळे मिटून उभं होतं. पंख असे लोंबलेले, जणू दुसऱ्या कुणाचा सदरा घातलाय. खालच्या भुश्यावर कॉफीच्या गाळासारखा डाग होता. दुपारपर्यंत डाग लाल झाला. काल ते गेलं, आज आणखी एक गेलं.

मी जिल्ह्याच्या गुरांच्या डॉक्टरला, त्या फाकला बोलावलं. तो सायकलवरून आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "थोमकाकू, रक्ती हगवण आहे."

"ते मला दिसतंय. त्याच्यासाठी तुला सहा किलोमीटर दामटवत आणलं नाही."

"तापू नका. गेल्या साली याच खुराड्यात होती ना? मग ती गेलीच नव्हती. डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात हे. पिल्लाच्या आतड्यात घर करतात, आतून चरे पाडतात. विष्ठेतून बाहेर येतात, ओल आणि ऊब मिळाली की दोन दिवसांत पिकतात. पिल्लू तेच टिपतं की पुन्हा पोटात. जमिनीत वर्षभर दम धरून बसतात."

"म्हणजे दार उघडं ठेवल्यानं येत नाही?"

"ओल वाढली की जास्त पिकतात, एवढं खरं. पण नुसत्या दारानं चाळीस पिल्लं मरत नाहीत, काकू."

हे त्यानं म्हटलं, ते मी जसंच्या तसं लिहिलं आहे. त्यावर मला सध्या काही बोलायचं नाही.

त्यानं पिवळी पूड दिली. तीन दिवस पाण्यातून द्यायची, दोन दिवस थांबायचं, मग पुन्हा तीन दिवस. आजारी पिल्लू दाणा सोडतं पण पाणी सोडत नाही, म्हणून औषध पाण्यातून. भुसा रोज काढून जाळायचा. पिल्लं बांबूच्या पट्ट्यांच्या माचीवर उचलून घ्यायची, म्हणजे विष्ठा खाली पडेल, त्यांच्या चोचीला लागणार नाही. माची मी दुपारीच बांधली. जमिनीवर चुना टाकला.

जाता जाता त्यानं एक प्रश्न विचारला. तो आज लिहीत नाही.

थोम

---

२२ मार्च

लुआ,

कडू पाण्याचा आज तिसरा दिवस. अकरातली सात उरली.

तू गेल्या वर्षी हेच औषध याच हिशेबानं देत होतीस. गुडघ्यावर बसून, बाटलीच्या झाकणानं पूड मोजून. मी दारातून बघत असे. तू दुसरं सगळं पाणी काढून घेतलं होतंस. पिल्लं त्या पिवळ्या पाण्यात चोच घालायची, डोकं झटकायची आणि लांब जाऊन उभी राहायची. मी तेओबाईला म्हटलं होतं, "दक्षिणेतल्या पोरीचं काळीज नदीच्या चिखलाचं असतं. तान्ह्या जिवांना तहानेनं मारते आहे." हे तू ऐकलं असशीलच. आपल्या भिंती किती जाड आहेत!

यंदा मी स्वतः ते केलं. पहिल्या दिवशी सकाळपासून एकही पिल्लू पाण्याला शिवलं नाही. दुपारी सगळी माझ्याकडे तोंड करून, चोच उघडी टाकून उभी राहिली. आवाजसुद्धा काढत नव्हती. मी खुराड्याबाहेर जाऊन बसले आणि हात मांडीखाली दाबून धरले, कारण हात आपोआप माठाकडे जात होते. अखेर तिसऱ्या प्रहरी एकानं चोच बुडवली. मग दुसऱ्यानं. भिंतीवरून ओघळणारे थेंब ती टिपायला लागली, तर मी फडकं घेऊन भिंत पुसत बसले. एका माणसानं भिंत पुसत बसायचं आणि सात पिल्लांनी त्याच्याकडे रागानं बघायचं, असा तो दिवस गेला.

तेव्हा आता फाकचा प्रश्न लिहिते. तो म्हणाला होता, "काकू, गेल्या वर्षी औषध चालू असताना दुसरं साधं पाणी कुठं ठेवलं नव्हतं ना? ठेवलं असेल तर औषध दिलं न दिलं सारखंच."

मी म्हटलं, "नाही."

लुआ, मी ठेवलं होतं.

तू दुपारी तळ्यावर शेवाळ आणायला जायचीस तेव्हा मी तांदूळ धुतलेलं पाणी गार करून खुराड्यात नेऊन ठेवत असे. सहाही दिवस. पिल्लं माझ्या अंगावर चढायची. मला वाटायचं, निदान कुणीतरी मला बघून धावतं आहे. तू यायच्या आत मी ते उचलायची. संध्याकाळी तुझं कडू पाणी तसंच भरलेलं दिसायचं आणि तू काळजीनं त्यात बोट घालून बघायचीस. मी काही बोलायची नाही.

आणि कशात ठेवत होते तेही सांगते. लग्नात तू माहेराहून कोंबडा रंगवलेली सहा वाडगी आणलीस, त्यातलं निळ्या शेपटीचं. तोआन दुसऱ्या कशात जेवायचा नाही ते. तो गेल्यावर त्यात कुणीच जेवलं नव्हतं. त्याची पिल्लं त्याच्याच वाडग्यात पाणी पितील, असा माझ्या म्हातारीचा विचार.

आज मी ते वाडगं तांदळाच्या रांजणावर पालथं घालून ठेवलं आहे. फोडून टाकावं असं दोनदा मनात आलं.

दार उघडणं ही तुझी चूक होती. ती मी मागे घेत नाही. पण पिल्लं माझ्या हातानं मेली.

थोम

---

२९ मार्च

पोरी,

दुसरे तीन दिवस परवा संपले. सातही आहेत. परसातला माका ठेचून त्याचा रस फाकच्या सांगण्यावरून थोडा थोडा पाजला, रक्त थांबायला. आज सकाळी सगळ्यांत मरतुकड्या पिल्लानं दुसऱ्याच्या डोक्यावर चोच मारली. मी आनंदानं टाळी वाजवली आणि मग इकडंतिकडं बघितलं, कुणी पाहिलं तर म्हणेल, म्हातारीचं डोकं फिरलं.

पाण्याचं मी तुला लिहिलं. ते लिहायला तीन दिवस लागले. आज जे लिहायचं आहे त्याला वर्ष लागलं.

पिल्लं गेली त्या सकाळी तू मेलेली पिल्लं टोपलीत भरून पुरायला नेत होतीस. गल्लीत तेओबाई होती, चहावाली होती, पलीकडच्या घरचे दोघे होते. मी दारात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आधी माझ्या मुलाला खाल्लंस, आता त्याची कोंबडी खाल्लीस."

टोपली तुझ्या हातातच होती. तू ती खाली ठेवली नाहीस. पुरून आलीस, हात धुतलेस, तेपची वेणी घातलीस आणि दोन दिवसांनी दोघी गेलात.

त्याला फौजेत असताना लागलेला सरहद्दीवरचा हिवताप होता. तू त्याला भेटायच्या आधीपासून त्याच्या रक्तात होता, आणि तिथं त्याला धाडताना गावानं वाजतगाजत धाडलं होतं, मीही हात हलवला होता. तिसऱ्यांदा ताप उलटला तेव्हा मी पाला उकळत बसले आणि तू त्याला पाठीशी बांधून सायकलवरून इस्पितळात नेलंस. तो तिथं गेला. घराबाहेर मरण आलं, ते आपल्याकडे अशुभ, म्हणून मी तुला कधी माफ केलं नाही. आपल्या अंथरुणावर असता तर जगला असता असं थोडंच आहे? पण मला कुणालातरी धरायचं होतं, आणि घरात तूच होतीस.

आज मी चहाच्या टपरीवर गेले. मुद्दाम, सगळ्या असतील अशा वेळी. तेओबाईनं नेहमीप्रमाणं सुरुवात केली, "काय गं थोमताई, यंदा सून नाही तरी पिल्लं आजारी पडलीच! तिकडूनच मंतर मारला की काय?"

मी म्हटलं, "मंतर कुणी मारला नाही. गेल्या सालची चाळीस पिल्लं मी मारली. ती औषध देत होती आणि मी चोरून साधं पाणी पाजत होते."

चहावालीनं ओतता ओतता हात थांबवला.

"अगं, बाहेर बोलायची काय गोष्ट आहे ही?" तेओबाई म्हणाली.

"मी तिला बाहेरच बोलले होते. तू होतीस की तिथं, शेंगदाणे सोलत. आणि मुलाला खाल्लं म्हणाले, तेही खोटं. ताप होता त्याला."

मग तेओबाईनं आपला चहा माझ्याकडे सरकवला. ती असं कधी करत नाही.

हे सगळं मी तू परत यावंस म्हणून केलं का, हे मी स्वतःला विचारलं. हो, त्यासाठीच केलं. पण नसतीस येणार तरी करायला हवं होतं, हे मला टपरीवरून उठताना कळलं.

थोम

---

११ एप्रिल

पोरी,

पिल्लं पन्नास दिवसांची झाली. फाक येऊन बघून गेला. म्हणाला, आता धोका टळला, पण खुराड्याची जागा बदला, या जमिनीवर पुढची दोन वर्षं पिल्लू ठेवू नका. मी परसाच्या वरच्या अंगाला, उन्हाच्या बाजूला नवीन बांधते आहे. त्याला एक दार आणि एक उंच खिडकी ठेवली आहे. उत्तरेचा कोरडा वारा सुटला की उघडायची, ओल आली की लावायची. खिडकी तुझ्या उंचीला ठेवली आहे, माझा हात तिथपर्यंत पोचत नाही. हे मी बांधून झाल्यावर पाहिलं.

वाण धरलं, म्हणजे आता कोंबडा द्यायला हरकत नाही. पण मी तो तुझ्याशिवाय देणार नाही. तो तोआनचा आहे, म्हणजे जितका माझा तितकाच तुझा आणि तेपचा. तुम्ही नाही आलात तर देव्हाऱ्यापुढे चिकट भात, केळी आणि अंडं ठेवीन. त्याला चालेल. तो काही खाण्याचे नखरे करणारा नव्हता, एक ते वाडगं सोडून.

तुझी पट्टी तुझ्याकडेच आहे ना? तिकडे जाळलीस तरी मी काही म्हणणार नाही.

पत्रं मिळतात की नाही एवढं तेपकडून एका ओळीत कळव.

थोम

---

सा देक, १२ एप्रिल १९९७

मा,

तुमची चार पत्रं मिळाली. पहिलं मी वाचलं आणि चुलीत घालणार होते. दुसरं आणि तिसरं फोडलंच नाही, पेटीत टाकलं. चौथं तेपनं पोस्टमनच्या हातून घेतलं आणि मोठ्यानं वाचायला लागली. शाळेत दुसरीत आहे, सगळं वाचता येतं. "आधी माझ्या मुलाला" इथपर्यंत आली तेव्हा मी तिच्या हातून कागद घेतला. मग परसात जाऊन उरलेली दोन फोडली.

पाण्याचं मला माहीत होतं.

औषधाच्या दुसऱ्याच दिवशी कळलं. संध्याकाळी मांडणीवर ते वाडगं ओलं होतं आणि आतल्या बाजूला भुश्याची एक काडी चिकटली होती. त्या दिवसांत घरातली प्रत्येक वस्तू ओली असायची, पण भुसा काही भिंतीतून ओघळत नाही. तिसऱ्या दिवशी मी तळ्यावरून लवकर परत आले आणि कुडाच्या फटीतून पाहिलं. तुम्ही जमिनीवर बसला होता. पिल्लं तुमच्या मांडीवर होती. तुम्ही वाडगं दोन्ही हातांनी धरलं होतं आणि हळू आवाजात म्हणत होता, "पी बाळा, पी. आई आहे इथं."

तुम्ही पिल्लांना पाणी देत नव्हता, मा. तुम्ही त्याला देत होता. इस्पितळात शेवटच्या दिवशी तो पाणी मागत होता आणि डॉक्टरनं देऊ नका म्हणून सांगितलं होतं. ते मी तुम्हाला कधी बोलले नव्हते. मी तशीच मागं फिरले आणि पुन्हा तळ्यावर गेले. पुढचे दिवस मी मुद्दाम उशिरा यायची. औषध वाया जातंय हे मला कळत होतं. तेव्हा चाळीस पिल्लं तुम्ही एकट्यांनी मारली असं टपरीवर पुन्हा सांगू नका. वीस माझी आहेत.

दार उघडलं ती चूक माझी. आमच्याकडे ओल लागली की वारा घेतात, तुमच्याकडे वाराच ओला असतो, हे मला कुणी धडपणे सांगितलं नाही. सगळे नुसते ओरडले.

त्या वाक्याचं अजून मी काही ठरवलेलं नाही. ते तुम्ही कागदावर मागे घेतलं, गल्लीत मागे घेतलं. मला तोंडावर ऐकायचं आहे. मग मला जे बोलायचं आहे तेही मी तोंडावर बोलेन, आणि ते गोड नसेल. तुम्ही ते ऐकून घ्यायचं, मध्ये बोलायचं नाही. जमेल?

२१ तारखेच्या गाडीनं सायगॉनहून निघतो. तेपची शाळा आठ दिवस बुडेल. राहणार की परत येणार हे विचारू नका, मला माहीत नाही. पांढरी पट्टी बरोबर आणते आहे. कोंबड्याला मी आल्याशिवाय हात लावू नका, आधी मला त्याला बघू द्या.

आणि ते वाडगं फोडू नका. पालथं घातलंय ते सुलटं करा, राखेनं घासून ठेवा. वर्षदिनाला देव्हाऱ्यावर त्याचा भात त्यातच वाढायचा आहे, आणि या वेळी शेजारी पाणीही ठेवू. भरपूर ठेवू.

लुआ